कायद्यात बसणारी बंदूक

हे कोणी मानणार नाही, आणि मानू नये अशीच माझी इच्छा आहे. ऐकताक्षणी पटतं ते सांगण्यात कसली मजा? तरी चर्चच्या तळघरात उभा राहून, हातात पास्टीच्या, म्हणजे आमच्या मांस-बटाट्याच्या करंजीच्या, पिठाचा गोळा धरून सांगतो, की यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याची ही गोष्ट तो लाइल फान्डरमोलन समोरच कांदे चिरत बसलाय. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की आठवणीचं, ते त्यालाच ठाऊक. माझा एक शब्द जरी खोटा निघाला, तर लाइल, तू सुरी खाली ठेवायचीस आणि तिथल्या तिथे बोलायचंस. कबूल? बघा, मान हलवली. हुल्डा, तू लाटत राहा. उद्याच्या विक्रीला पास्ट्या कमी पडल्या तर पाद्रीबाबा माझ्या तोंडाकडे बोट दाखवतील.

तर लाइल. माणूस सज्जन, पण आमचा उत्तरेकडचा मुलूख उरलेल्या राज्याला जोडणाऱ्या पुलाच्या दक्षिणेला जन्मलेला. त्यात त्याचा काही दोष नाही, आईबापांचा आहे. विमा कंपनीत तो लोकांचे दावे तपासतो, त्यामुळे बारीक टायपातलं वाचायची इतकी सवय, की टोस्टरबरोबर आलेली माहितीपुस्तिकाही शेवटपर्यंत वाचतो, तीही स्पॅनिश भागासकट. स्पॅनिश त्याला येत नाही. पण आपण वाचलं नाही आणि त्यातच काही अट असली तर?

अशा माणसाने आमच्या रेनो सारिओची मुलगी केली. मार्लिससारखी बायको मिळाली म्हणून तो खुशीत होता. बायकोबरोबर सासरा येतो, ही अट बहुधा अगदीच बारीक टायपात असावी. रेनोचा जंगलात शिकारीचा कॅम्प आहे. एक लाकडी खोली, एक शेगडी आणि भिंतीला ठोकलेले चार बंक. त्या बंकांवर झोपणारे चौघे म्हणजे या तालुक्याचं वरिष्ठ सभागृह समजा. नोव्हेंबरात हरणाचा मोसम उघडला की तिथे ज्याला बंक तो माणूस, आणि ज्याला नाही तो जमिनीवर बुटांच्या रांगेत. लाइल इतकी वर्षं बुटांच्या रांगेत झोपत होता. एकदा तर पहाटेच्या अंधारात रेनोने चुकून त्याच्या तोंडातच पाय घातला आणि ‘हा बूट ओला कसा?’ म्हणून ओरडला.

त्या वर्षी चौघांतला ऑस्करमामा दोन्ही गुडघे बदलून घेऊन फ्लोरिडाला गेला आणि एक बंक रिकामा झाला. त्यावर दोघांचा डोळा. एक लाइल, दुसरा त्याचा शेजारी क्लिफर्ड. क्लिफर्ड म्हणजे जगातल्या प्रत्येक विषयावर ज्याचा कोणीतरी चुलतभाऊ तज्ज्ञ आहे असा माणूस.

रेनोने निवाडा दिला. “बंक त्याला, ज्याची बंदूक स्वतःची असेल. उसनी नाही. आणि मोसमाच्या पहिल्या सकाळी ग्लेन कॉफीला येतो, तेव्हा त्याच्यासमोर टेबलावर बिनधास्त ठेवता आली पाहिजे.” ग्लेन म्हणजे आमचा गेम वॉर्डन, शिकारीचे कायदे पाळले जातात का ते बघणारा सरकारी माणूस. तो कॉफीला येतो असं म्हणायचं. कॉफी पितापिता त्याचे डोळे खोलीभर फिरत असतात.

“जावईबापू,” रेनो म्हणाला, “तुम्ही गेल्या खेपेला माझीच बंदूक नेलीत, माझ्याच गोळ्या नेल्यात, आणि माझाच पत्र्याचा बंब फोडलात.”

“तो हरणाच्या रंगाचा होता,” लाइल म्हणाला.

लाइलने मग हार्डवेअरच्या दुकानातून, बर्फ ढकलायच्या फावड्यांशेजारच्या खोक्यातून, सैन्याने टाकून दिलेली एक जुनी रायफल घेतली. युगोस्लाव्हियाची. ज्या देशाने ती बनवली तो देश विरघळून गेला, पण बंदूक शाबूत, कारण ती नखशिखांत ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेली. लोणच्याच्या फोडीला तेल असावं तसं ग्रीस, आत, बाहेर, नळीत, चापाच्या कोपऱ्यात. लाइलने ते फडक्याने पुसलं, साबणाने धुतलं, मार्लिसच्या दात घासायच्या ब्रशने खरवडलं. ग्रीस जिथल्या तिथे.

आता यापुढचा शोध फक्त आमच्याच मुलखात लागू शकतो. पुलाच्या दक्षिणेचा माणूस असूनही तो लाइलला लागला, याला मी सासरवाडीचे संस्कार म्हणतो. त्याच्या मनात आलं, ग्रीस वितळायला उष्णता हवी; आणि आपल्या परसात वाफ घ्यायची सॉना आहे! त्याने दगड तापवले, बंदूक वरच्या बाकावर आडवी ठेवली, वर दोन पळ्या पाणीही शिंपडलं. बंदुकीला घाम फुटला. मेणासारखं सगळं ग्रीस वितळून खाली आलं आणि बंदूक आतून-बाहेरून लखलखीत झाली. लाइलने बाक कोरडा पुसला. पण लाकूड हे पितं, ही गोष्ट विम्याच्या कागदात कुठे लिहिलेली नसते.

शनिवारी रेनो वाफ घ्यायला आला. उघडाबंब. वरच्या बाकावर, नेमका तिथेच बसला, दगडांवर पाणी ओतलं, आडवा झाला, डोळे मिटले. बाकाने आपण प्यालेलं सगळं हळूहळू परत द्यायला सुरुवात केली. मग बाहेरच्या बर्फात लोळायला म्हणून रेनो उठला, तर तो एकटा उठेना. बाकाची फळीही उठली. ती पाठीला घेऊन हा माणूस परसात! हुल्डा, तू कुंपणापलीकडून पाहिलंस की नाही?

“मी डोळे मिटून घेतले होते,” हुल्डा लाटणं न थांबवता म्हणाली.

मग फळी पाइनची होती हे गावाला कोणी सांगितलं? असो. रेनोने बर्फात उभं राहून शांतपणे विचारलं, “जावईबापू, माझ्या पाठीवर हे कोणत्या देशाचं ग्रीस आहे?”

“तो देश आता नाहीये,” लाइल म्हणाला. माणसाने खरं केव्हा बोलू नये याचं हे उदाहरण शाळेत शिकवायला हवं.

इथवर ठीक होतं. फळी निघाली, राग निवला, बंक अजून रिकामा होता. पण लाइल आहे ताडमाड, आणि त्या बंदुकीचा खांद्याला लावायचा दस्ता बुटका. बार काढला की त्याच्याच हाताचा अंगठा त्याच्या नाकावर. तीनदा नेम धरला, तीनदा घोळणा फुटला. तेव्हा त्याने एक साधी, निष्पाप गोष्ट केली. टपालाने नवा दस्ता मागवला. काळा, प्लास्टिकचा, लांब, हातात धरायला मूठ असलेला.

“कशी दिसते?” त्याने विचारलं.

“हेअर ड्रायरसारखी,” मार्लिस म्हणाली.

तेवढ्यात क्लिफर्ड बर्फ काढायचं यंत्र मागायला आला, बंदूक पाहिली, आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर असा बसला जणू घरात कोणी गेलंय. “लाइल,” तो म्हणाला, “तू तुरुंगात जाणार.”

“दस्ता बदलला म्हणून?”

“माझा चुलतभाऊ या धंद्यात आहे. सैन्यात होती तशीच ठेवली, तर ती पुराणवस्तू. संगीन असली तरी कोणी विचारत नाही. पण तू तिच्यावर ही मूठ चढवलीस. आता कायदा म्हणतो, तू परदेशी भागांची नवी बंदूक जोडलीस. सरकारची यादी आहे वीस भागांची, त्यांतले दहाच्या वर परदेशी नकोत. तुझे किती आहेत?”

लाइलने बंदुकीकडे पाहिलं. ती सगळीच परदेशी होती. इतकी परदेशी, की परत पाठवायची म्हटली तरी पत्ता नव्हता.

“मग जुनाच दस्ता लाव ना,” मार्लिस म्हणाली. बायकांना असे सरळ उपाय सुचतात, आणि म्हणूनच पुरुषांना ते मान्य करता येत नाहीत.

“जुनाच लाव,” क्लिफर्डही म्हणाला, “पण तिच्यात दहा गोळ्या मावतात. आपल्या राज्यात अशी बंदूक हरणाला न्यायची तर मॅगझीन आणि नळी धरून सहाच्या वर मावता कामा नयेत. म्हणजे मॅगझीन बदलणं आलं. आणि मॅगझीन बदललं की पुराणवस्तूपणा गेला. चुलतभाऊ तसं म्हणतो.” इतकं बोलून, मन हलकं करून, यंत्र घेऊन तो गेला. जाताना शीळ घालत होता.

लाइलला रात्री झोप लागेना. कुशी बदलत बदलत तो सरकारी यादी मोठ्याने म्हणायचा. मार्लिसने उशी घेतली आणि सॉनात झोपायला गेली.

सकाळी त्याने सरकारी कचेरीला फोन लावला. प्रथम व्हायोलिन वाजलं, मग बासरी, मग पुन्हा व्हायोलिन. मार्लिस कामावर जाऊन आली तेव्हा कुठे एक बाई फोनवर आल्या.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “आमच्या दृष्टीने बंदूक म्हणजे रिसीव्हर. तो मधला, नंबर कोरलेला लोखंडी सांगाडा. तेवढीच बंदूक. बाकी सगळं हार्डवेअर.”

“चाप?”

“हार्डवेअर.”

“नळी?”

“हार्डवेअर, साहेब. दाराच्या कडीसारखं.”

“मग मोजायचं काय?”

“ते हार्डवेअर मोजायचं.”

“म्हणजे जे बंदूक नाही, ते मोजून माझी बंदूक बेकायदा ठरवायची?”

“अगदी बरोबर समजलात,” बाईंना फार आनंद झाला. “पुष्कळांना हे समजत नाही.”

लाइलने मग असा प्रश्न विचारला, जो त्या कचेरीत आजवर कोणी विचारला नसेल. “परदेशी भाग म्हणजे परदेशातला. पण तो देशच आता अस्तित्वात नसेल तर?”

पलीकडे व्हायोलिन. मग बासरी. मग वरिष्ठ आले. मग वरिष्ठांचे वरिष्ठ आले. शेवटी एक थकलेला आवाज म्हणाला, “लेखी विचारा.” लाइलने लेखी विचारलं. प्रश्न योग्य त्या विभागाकडे पाठवल्याचं उत्तर आलं. तो विभाग बहुधा अजून नकाशा बघतोय.

तेव्हा लाइलने निश्चय केला, की कायदा मागतो त्याहून जास्त द्यायचं. देशी चाप आला. देशी घोडा आला. देशी मॅगझीन आलं, पाचच गोळ्यांचं. खरं तर तिथे थांबायचं. दहा भाग परदेशी चालत होते. पण विम्यातल्या माणसाला काठावर उभं राहवत नाही. दहा चालतात ना, मग पाच असलेले बरे. पाच चालतात, मग दोन का नकोत? टपालवाला रोज खोकं आणून टाकायचा आणि लाइलकडे असा पाहायचा जसा आपण एकच वस्तू हप्त्याहप्त्याने विकत घेणाऱ्या माणसाकडे पाहतो.

जुने भाग त्याने फेकले नाहीत. दक्षिणेकडचे डच लोक, आणि लाइल त्यांतलाच, दोऱ्याचा तुकडाही फेकत नाहीत. कॉफीचा एक मोठा डबा भरला, मग बाकीचं पिशवीत गेलं, आणि जुना दस्ता दाराआड छत्र्यांमध्ये उभा राहिला.

आता वॉर्डनला देशी कोणतं आणि परदेशी कोणतं ते एका नजरेत कळावं म्हणून लाइलने मार्लिसची लाल नेलपॉलिशची बाटली घेतली आणि प्रत्येक देशी भागावर एकेक ठिपका लावला. चापावर ठिपका, घोड्यावर ठिपका, बोल्टवर ठिपका, नळीवर दोन, खात्रीसाठी. शेवटी ठिपका नसलेला एकच तुकडा उरला. बंदुकीला गोवर निघाल्यासारखी दिसायला लागली.

“माझ्या नखांना आता काय लावू?” मार्लिसने विचारलं.

“तुला गरज नाही,” लाइल म्हणाला, “तू इथलीच आहेस.” आणि हे तो प्रेमाने बोलला, हे मी मुद्दाम सांगतो.

मोसमाची पहिली सकाळ उजाडली. बर्फ घोट्यापर्यंत. कॅम्पात शेगडी लाल झालेली. बाकी सगळ्यांच्या बंदुका बाहेर ओसरीवर, कारण उबेत आणल्या की दुर्बिणीच्या काचा धुकटतात. आत टेबलावर एकटी लाइलची. मार्लिस पास्ट्या घेऊन आली होती. एक ताट तिने बाहेरच्या खिडकीच्या फळीवर निवायला ठेवलं, आणि बरोबर आणलेला तो कॉफीचा डबा, पिशवी, दस्ता असा सगळा लवाजमा कोपऱ्यात आदळला. “हे माझ्या घरात नको,” म्हणाली, “मी काल त्या डब्यातून कॉफी केली.”

ग्लेन आला. टोपी काढली, कॉफी घेतली, बंदूक पाहिली. “हिला डॉक्टरला दाखवलं का?”

लाइल उभा राहिला आणि त्याने समजावून सांगायला सुरुवात केली. ग्लेनची पहिली कॉफी संपली, दुसरी संपली, लाइल अजून यादीच्या मध्यावर होता. तेव्हा क्लिफर्ड हळूच म्हणाला, “मॅगझीनचा तळ आणि आतला सरकता पत्रा वेगवेगळे धरलेस ना? त्या पत्र्यावर ठिपका दिसत नाही मला.”

“आहे ठिपका! आतल्या बाजूला!”

“बघू.”

झालं. बंदूक उघडली. ठिपका दाखवायला तळ काढला, तळाचा ठिपका दाखवायला बोल्ट काढला, आणि पाहता पाहता टेबलभर बंदूक पसरली. एक स्प्रिंग उडाली, छताला लागली, खाली आली आणि दिसेनाशी झाली. सगळे गुडघ्यांवर. तेवढ्यात ग्लेनने पास्टीचा घास घेतला आणि त्याच्या तोंडातून ‘टिंग’ असा आवाज आला. त्याने स्प्रिंग बाहेर काढली, उजेडात धरली आणि विचारलं, “ही देशी आहे का?”

“देशी,” लाइल म्हणाला.

“चव तशीच वाटली.”

आणि नेमकं तेव्हा खिडकीत ते उभं राहिलं. नर. दहा टोकांची शिंगं, छाती एवढी, की खिडकीत उजेड मावेना. रेनो चाळीस वर्षं ज्याची स्वप्नं बघतोय ते हरीण, आमच्या खिडकीच्या फळीवरची पास्टी खात होतं! आधी कड खाल्ली, मग सारण. ओसरीवरच्या बंदुका त्याच्या शेपटीला टेकलेल्या. बाहेर जाणार कोण?

“लाइल!” रेनो कुजबुजला. “मार! हे मारलंस तर बंक तुझा!”

लाइलने टेबलाकडे पाहिलं. टेबलावर कायदा तुकड्या तुकड्यांनी पडला होता.

पण मार्लिस रेनोची मुलगी. इतर पोरी बाहुल्यांना फ्रॉक घालत होत्या तेव्हा ही डोळे बांधून बंदुका जोडायची. तिने कॉफीचा डबा उपडा केला, पिशवी झाडली, दस्ता ओढला. खट, खट, खट! लाइलने काढून टाकलेल्या जुन्या भागांची अख्खी बंदूक तिने उभी केली, युगोस्लाव्हियातून आली होती तशी, संगिनीसकट. टेबलावर एक, तिच्या हातात दुसरी! तिने ती नवऱ्याच्या हातात दिली. “धर. नाक सांभाळ.”

लाइलने खांद्याला लावली. लावली आणि खाली घेतली. “माझी नारिंगी टोपी कुठाय?”

“टोपी?” रेनो किंचाळला.

“नारिंगी टोपीशिवाय शिकार बेकायदा आहे.” कोणीतरी टोपी त्याच्या डोक्यावर आदळली. त्याने पुन्हा खांद्याला लावली. हरणाने दुसरी पास्टी घेतली. लाइलचं बोट चापावर गेलं.  आणि मग लाइलचे ओठ हलायला लागले. तो मोजत होता.

“हिच्यात दहा मावतात,” तो म्हणाला. “सहाच्या वर चालत नाहीत.” आणि त्याने बंदूक खाली ठेवली.

हरणाने तिसरी पास्टी संपवली, तोंड पुसल्यासारखं खिडकीच्या चौकटीला घासलं, लाइलकडे एकदा नीट पाहिलं आणि निघून गेलं. क्लिफर्ड हसायला लागला तो कोणी साथ देईना म्हणून थांबला. ग्लेनने डोक्यावर ठेवलेली टोपी पुन्हा काढली. “इतक्या वर्षांच्या नोकरीत,” तो म्हणाला, “इतक्या मानाने मला कोणी वागवलं नाही.”

 रेनो उठला, कात्री घेतली, आणि नेम चुकलेल्याचं करतात तसं लाइलच्या सदऱ्याचं मागचं शेपूट कापलं, भिंतीवर खिळ्याला लावलं. मग म्हणाला, “असं हरीण जो कायद्यासाठी सोडतो, त्याला बुटांत झोपवलं तर मला नरकातही जागा मिळायची नाही. ऑस्करचा बंक तुमचा, जावईबापू. पण घोरलात तर परदेशी समजेन.”

तेव्हापासून लाइल बंकवर झोपतो, सदऱ्याचं शेपूट भिंतीवर आहे, आणि त्या दोन्ही बंदुका, ठिपक्यांची आणि बिनठिपक्यांची, रेनोने शेजारी शेजारी टांगल्यात. आता सांगा, हे कोण मानेल? आणि ज्याची गोष्ट तो इतका वेळ समोर बसून एक शब्द…

लाइलने सुरी खाली ठेवली.

“आर्विडकाका,” तो म्हणाला, डोळे पुसत, पण अगदी दावा तपासतानाच्या आवाजात, “सॉना खरी. सासरेबुवांची फळी खरी. नेलपॉलिश खरं, आणि सदऱ्याचं शेपूटही खरं. थंडी वाजते अजून. पण रिसीव्हर एकच होता, आणि कायद्याने बंदूक म्हणजे तेवढा एकच तुकडा. तो टेबलावर पडलेला असताना मार्लिसने दुसरी बंदूक उभी केली ती कशावर?”